आपलं मडकं कच्चं की पक्कं?

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत आम्हाला दर आठवड्याला मॉरल सायन्सचा एक तास असायचा. आठवीत असताना ‘नम्रता’ या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायचा होता. माझा निबंध वर्गात पहिला आला आणि त्यानंतर आठवडाभर मी तो सगळ्यांना दाखवत फिरत होते! नम्रतेवर लिहिता येणं आणि नम्र असणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला थर्ड इयर यावं लागलं. त्यामुळे या लेखात मी कोणालाही उपदेश करणार नाही. मला जे थोडंफार समजलं ते माझ्या बेताच्या मराठीत सांगण्याचा प्रयत्न करणार आहे.

आवाजावरून ओळख

गेल्या उन्हाळ्यात आजीबरोबर माठ आणायला गेले होते. मला सगळे माठ सारखेच दिसत होते. मी म्हटलं, “हा घे ना, छान आहे.” आजीनं तो उचलला, बोटानं दोनदा टिचकी मारली आणि खाली ठेवला. असे पाच-सहा माठ तिनं वाजवून पाहिले. शेवटी एक खणखणीत वाजला, तो घेतला. मी विचारलं, “दिसायला तर सगळे सारखेच होते की!” आजी म्हणाली, “अगं, मडक्याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, ठोकल्यावर होते. गोरोबाकाकांनी तर माणसांचीसुद्धा अशीच केली होती.”

आपल्या वर्कशॉपमध्येही हीच टेस्ट आहे. नवीन ग्राइंडिंग व्हील मशीनवर चढवण्याआधी ते टांगून लाकडी दांड्यानं हलकेच वाजवतात. आवाज खणखणीत आला तर व्हील चांगलं. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी तडा आहे, असं व्हील चढवायचं नाही. कारण ते वेगानं फिरायला लागलं की फुटतं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. शास्त्र साधं आहे. अखंड वस्तूवर ठोका मारला की कंपनं सगळीकडे पसरतात आणि ती काही काळ वाजत राहते. तडा असेल तर त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, ऊर्जा तिथेच जिरते आणि आवाज लगेच मरतो. यालाच आपण डॅम्पिंग म्हणतो. म्हणजे डोळ्याला न दिसणारा दोष कानाला कळतो. फक्त ठोका मारणारा कोणीतरी लागतो.

गोरोबाकाकांची टेस्ट

आजीनं सांगितलेली गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल, पण माझ्यासारखे कॉन्व्हेंटवालेही हे मासिक वाचतात म्हणून थोडक्यात सांगते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी संत गोरा कुंभार राहत. एकदा त्यांच्या घरी निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी संतमंडळी जमली होती. सगळ्यांत लहान मुक्ताबाई. तिचं लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेलं. तिनं विचारलं, “काका, हे कशासाठी?” गोरोबा म्हणाले, “यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं.” ती म्हणाली, “मग आमच्यातलं कोण कच्चं ते सांगा!”

गोरोबांनी खरंच थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते चिडले. गोरोबांनी निकाल दिला, “हे मडकं कच्चं.”

आता विचार करा, नामदेव म्हणजे कोण? ज्यांच्या हातचा नैवेद्य लहानपणी प्रत्यक्ष विठ्ठलानं खाल्ला असं लोक सांगतात, ते. आपल्या भाषेत देवाचे फेव्हरिट स्टुडंट! अशा माणसाला सर्वांसमोर ‘कच्चा’ म्हटलं. ते रागावून पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाकडे तक्रार केली. पण देवानंही निकाल बदलला नाही. रिव्हॅल्युएशनमध्येही मार्क तेवढेच! देव म्हणाला, ते बरोबर सांगतायत, तू गुरू कर.

कथेप्रमाणे नामदेव मग औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तर विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी हटकलं. विसोबा म्हणाले, “मी म्हातारा झालोय बाबा. जिथे पिंड नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव.” नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड दिसू लागली. देव फक्त माझ्या पंढरपुरात आहे आणि तो माझ्याशीच बोलतो, हा त्यांचा समज तिथे संपला.

मला या गोष्टीतली एक बाब फार महत्त्वाची वाटते. नामदेवांची भक्ती खोटी नव्हती. ती खरीच होती, आणि अहंकार त्या खऱ्या गोष्टीलाच चिकटला होता. आपल्याला वाटतं अहंकार फक्त पोकळ माणसांना असतो. तसं नाही. ज्याच्याकडे खरोखर काहीतरी आहे, त्यानं जास्त सांभाळायला हवं.

आमच्या प्रोजेक्टची गोष्ट

आता माझ्या डोक्यावर थापटणं कसं बसलं ते सांगते. आम्ही चौघांनी मिनी-प्रोजेक्ट म्हणून शेंगा फोडायचं यंत्र करायला घेतलं होतं. डिझाइन माझ्याकडे होतं. पहिल्या दोन्ही वर्षांत माझे मार्क चांगले होते आणि ‘हिचं डिझाइन म्हणजे बघायलाच नको’ असं सगळे म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं.

आमच्यातला एक जण डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. मराठी मीडियमचा, अगदी कमी बोलणारा. रिव्ह्यूच्या आधी सगळे बसलो असताना त्यानं माझी शीट बघून विचारलं, “यात आर.पी.एम. मोटरचे घेतलेस की शाफ्टचे?”

मी शीटकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, “ते आम्ही बघितलंय. तू वेल्डिंगचं बघ.” बाकीचे हसले. तो गप्प बसला.

मित्रांनो, ते वाक्य परत वाचा. ‘आम्ही’ कोण? डिझाइन तर मी एकटीनं केलं होतं! अहंकाराला एकटं वाटू नये म्हणून तो लगेच अनेकवचनी होतो. आणि ‘तू वेल्डिंगचं बघ’ याचा खरा अर्थ होता, ‘तुझी जागा तिथे आहे.’

मोटर 1440 आर.पी.एम.ची होती. बेल्टनं वेग कमी करून शाफ्ट 360 नं फिरणार होता. मी टॉर्क काढताना 1440 च घेतले होते. पॉवर तीच आणि वेग एक चतुर्थांश, म्हणजे शाफ्टवर टॉर्क चौपट. टॉर्क चौपट झाला की व्यास साधारण 1.6 पट लागतो. मी 10 मिमीचा शाफ्ट घेतला होता, तिथे 16 चा हवा होता. ट्रायलच्या दिवशी शेंगा अडकल्या आणि शाफ्ट वाकला. सबमिशनला दोन दिवस उरले होते.

त्यानं ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हटलं नाही. 16 मिमीचा बार आणला, संध्याकाळी लेथवर उभा राहिला आणि नवीन शाफ्ट टर्न केला. यंत्र चाललं. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, “डिझाइन कोणी केलं?” मी पटकन म्हटलं, “मी, सर.” चूक कोणाला सापडली होती, हे मी सांगितलं नाही. तो शेजारीच उभा होता. आम्हाला चांगले मार्क मिळाले, पण त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

नंतर मी बराच विचार केला की त्या एका साध्या प्रश्नाचा मला एवढा राग का आला? एक कारण असं की मेकॅनिकलला मुली कमी असतात. ‘हिला जमेल का?’ हा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून लोकांच्या चेहऱ्यावर वाचत आले आहे. त्यामुळे कोणी काही विचारलं की मला ती परीक्षाच वाटते. पण हे कारण आहे, सबब नाही. ज्या नजरेचा मला त्रास होतो, त्याच नजरेनं मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या बाबतीत ती ‘मुलगी’ म्हणून होती, त्याच्या बाबतीत ‘डिप्लोमावाला’ म्हणून.

कच्चं म्हणजे वाईट नव्हे

‘कच्चं’ हा शब्द आपल्याला शिवीसारखा लागतो. पण कुंभाराला विचारा. उन्हात वाळलेलं मडकं दिसायला तयार असतं, पण त्यात पाणी भरलं तर ते विरघळतं. भट्टीत साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या पुढे मातीतलं रासायनिक बांधलेलं पाणी निघून जातं. मग तिचा परत चिखल होत नाही. म्हणून पक्कं मडकं फुटलं की त्याचं खापर होतं, पण कच्चं मडकं बिघडलं तर भिजवून पुन्हा चाकावर घेता येतं.

म्हणजे ‘तू कच्चा आहेस’ हे खरं तर आशेचं वाक्य आहे. तू अजून घडू शकतोस, फक्त भट्टीत जायची तयारी ठेव. आपण विसाव्या वर्षीच पक्के झालो असं समजलो तर पुढची चाळीस वर्षं शिकायचं काय?

डोक्यापासून पायरीपर्यंत

गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली संत चोखामेळा गेले. त्यांच्या अस्थी शोधायला नामदेव गेले. इतक्या माणसांच्या हाडांतून चोखोबांची कोणती? कथा सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठलनामाचा आवाज आला ती घेतली. पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

मला हे वाचून एकदम आजीचा माठ आठवला. ज्या नामदेवांना स्वतःवरचा एक ठोका सहन झाला नव्हता, ते आता दुसऱ्याचा आवाज कान लावून ऐकत होते. तोही अशा माणसाचा, ज्याला जातीमुळे देवळात प्रवेश नव्हता. (ते दार सर्वांसाठी उघडायला 1947 साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. अहंकार एकट्या माणसाचाच असतो असं नाही, पूर्ण समाजाचाही असतो आणि तो मोडायला शतकं लागतात.)

त्याच महाद्वाराची पहिली पायरी ‘नामदेव पायरी’ म्हणून ओळखली जाते. देवाला येणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असं मानतात. कुठे डोक्याला थापटणं लागलं म्हणून चिडणं आणि कुठे पायरी होणं! याच नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. खाली बसल्यानं माणूस लहान झाला नाही.

समाधान म्हणजे ‘चालतंय की’ नव्हे

थापटणं बसल्यावर बाकीचे संत शांत कसे राहिले? मला वाटतं, कारण त्यांच्याकडे समाधान होतं. आपण कोण आहोत हे त्यांना कोणाकडून सर्टिफाय करून घ्यायचं नव्हतं. ज्याला आपली किंमत दर तासाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची असते, त्याला प्रत्येक प्रश्न अपमान वाटतो. म्हणून असमाधान आणि अहंकार हे सख्खे भाऊ आहेत.

पण समाधानाचा आपण चुकीचा अर्थ काढतो. ‘केटी लागली तरी चालतंय की’ हे समाधान नाही, तो आळस आहे. अरणचे सावता माळी मळ्यातलं काम सोडून पंढरपूरला गेले नाहीत असं सांगतात. ते आपल्या जागेवर समाधानी होते, पण मळ्यातल्या कामात त्यांनी कसूर केली नाही. जागेबद्दल समाधान आणि कामाबद्दल असमाधान, असं गणित जमवता आलं पाहिजे. आपण बहुतेक वेळा उलटं करतो.

मग करायचं काय?

मी स्वतः प्रयत्न करत असलेल्या चार गोष्टी:

1. कोणी चूक दाखवली की उत्तर देण्याआधी शीट बघायची. चूक नसेल तर दोन मिनिटं गेली, असेल तर शाफ्ट वाचला.

2. ‘हे मला माहीत नाही’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी मोठ्यानं म्हणायचं. पहिल्यांदा घशात अडकतं, नंतर सवय होते.

3. श्रेय ज्याचं त्याला, आणि तेही वेळेवर, सर्वांसमोर द्यायचं. नंतर एकट्यात दिलेलं श्रेय अर्धंच असतं.

4. रात्री झोपताना, ‘आज मला कशाचा राग आला?’ असं विचारायचं. बहुतेक वेळा तडा तिथेच सापडतो.

यातली तिसरी गोष्ट माझ्याकडून राहिली होती. मी त्याला एकट्याला ‘सॉरी’ म्हटलं तेव्हा तो हसून म्हणाला, “सोड ना, यंत्र चाललं की.” मोठ्या मनाचा आहे. पण मी त्याला गप्प केलं होतं ते सर्वांसमोर, आणि व्हायवाला खोटं वागले तेही सर्वांसमोर. म्हणून हे छापील कागदावर लिहितेय. आमच्या गाईड सरांनाही सांगितलं आहे.

मित्रा, आर.पी.एम. शाफ्टचे घ्यायला हवे होते. तुझं बरोबर होतं.