योगायोग की संकेत?

कॅडेट मित्रांनो, भिलाईच्या वर्गात मी नाणे उडवतो. सलग पाच छापे पडले की तुम्ही म्हणता, "सर, आता काटाच!" पण नाण्याला मागचे आठवत नसते.

२००८ साली डॉ. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. ४० पत्रिकांवरून मूल हुशार की बौद्धिक अक्षम, एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एकाची मात्र २४ उत्तरे बरोबर! ही विद्या का? २७ जणांनी नुसती नाणी उडवली, तरी बहुधा एखादा २४ गाठतोच.

म्हणून आकृती दिसली की आधी अंदाज लिहा, मग नव्या माहितीवर तपासा. उद्या नकाशावरच्या चार खुणा पाहून तुकडी पाठवायचा निर्णय तुमचा असेल.