वावराचे क्षेत्रफळ: लांबी गुणिले रुंदी नेहमी चालत नाही

प्रश्न : आमच्या वावराच्या एका तुकड्याचे समोरासमोरचे धुरे सारखे आहेत, १३० आणि १४० फूट. दहावीतली मुलगी क्षेत्रफळ १८,२०० चौरस फूट सांगते. तिचे आजोबा म्हणतात, एवढे भरतच नाही. खरे कोणाचे? – एक पालक, दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : आजोबांचे खरे असू शकते. मुलीचा गुणाकार बरोबर आहे, पण तो फक्त काटकोनी तुकड्याला चालतो, आणि आपल्याकडचे धुरे काटकोनात क्वचितच असतात. म्हणून आधी कर्ण मोजा. १३० आणि १४० यांच्या वर्गांची बेरीज ३६,५००, म्हणजे काटकोन असेल तर पायथागोरसप्रमाणे कर्ण सुमारे १९१ फूट यायला हवा.

समजा तो १५० फूटच आला. मग कर्णाने तुकड्याचे दोन सारखे त्रिकोण होतात आणि हेरॉनचे सूत्र कामी येते. अर्धपरिमिती २१०, २१० × ८० × ७० × ६० चे वर्गमूळ ८,४००. दोन्ही त्रिकोण मिळून १६,८०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास सव्वा गुंठ्याचा फरक! (चारही बाजू वेगळ्या असतील तर दोन्ही त्रिकोण स्वतंत्र काढावे लागतात.)

हा हिशेब घरापुरता. धुऱ्याचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.