आजचं चिंतन : हरवलेली बोरमाळ आणि छांदोग्याचा सहावा अध्याय



गेले दहा दिवस रोजचं चिंतन आलं नाही म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. गावी होतो, पुसेगावला. घरात एक निर्णय घ्यायचा होता, आणि नेमका तोच पाठ वाचनात चालू होता. म्हणून आज दोन्ही एकत्रच लिहितो.

आजचा पाठ : छांदोग्य उपनिषद, अध्याय ६, खंड १ आणि खंड १६. पुस्तक जवळ असेल तर हे दोन खंड आधी वाचून घ्या. फार मोठे नाहीत.

घरातला प्रश्न

तुळशीच्या लग्नानंतर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. आईच्या मनात आलं की आजीची बोरमाळ पुन्हा करून घ्यावी आणि तीच बहिणीच्या गळ्यात घालावी. "पुन्हा" म्हणतोय, कारण मूळची माळ २००१ साली हरवली. मी तेव्हा सहावीत होतो.

ज्यांनी बोरमाळ जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोराएवढे सोन्याचे मणी ओवलेली ही माळ. मणी भरीव दिसतात, पण आतून पोकळ असतात. पातळ पत्र्याचा मणी करायचा आणि आत लाख भरायची, म्हणजे तो चेपत नाही. आमची माळ अडीच तोळ्यांची, तीही जुन्या तोळ्याने. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचे सराफ १० ग्रॅमचा धरतात.

आईने विषय काढला आणि माझ्यातला इंजिनिअर लगेच कामाला लागला. आई-बाबांच्या लग्नातला १९८४ चा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. त्यात आजी समोर उभी आहे, गळ्यात माळ स्पष्ट दिसते. समोरून १९ मणी मोजता येतात. त्याच फोटोत आजीच्या मंगळसूत्राच्या वाट्या दिसतात, आणि त्या वाट्या अजून घरात आहेत. त्या मोजल्या, फोटोतलं प्रमाण काढलं, मण्याचा आकार काढला, लॅपटॉपवर थ्रीडी मॉडेल केलं. हिंगोलीच्या एका सराफाला दाखवलं. ते म्हणाले, "हुबेहूब होईल. जुनं दिसायला पॉलिशपण तसंच करून देऊ." मजुरी आणि ३ टक्के जीएसटी धरून हिशोब तीन लाखांच्या वर गेला. आईने तिच्या पाटल्या मोडीत द्यायची तयारी दाखवली.

खरं सांगतो, मला मजा येत होती. डेटा गेला, पण बॅकअप सापडला, आता फक्त रिस्टोअर करायचं.

आणि शास्त्राचा आधारही माझ्याकडे होता.

खंड १ : सोनं आणि दागिना

उद्दालक आरुणीचा मुलगा श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुकुलात जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत येतो. सोबत भरपूर अहंकारही घेऊन येतो. वडील त्याला एकच प्रश्न विचारतात : जे एक जाणल्यावर न ऐकलेलंही ऐकल्यासारखं होतं, न जाणलेलंही जाणल्यासारखं होतं, ते तू गुरूंना विचारलंस का? मुलाला हा प्रश्नच नवा असतो.

मग वडील तीन उदाहरणं देतात : माती, सोनं आणि लोखंड. दुसऱ्या उदाहरणात मूळ शब्द 'लोहमणी' असा आहे. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ सोन्याचा गोळा असा घेतला आहे. सोन्याचा एक गोळा ओळखला की सोन्याच्या सगळ्या वस्तू ओळखल्या. आकार बदलतो, तो बदल म्हणजे वाणीने दिलेलं एक नाव. खरं आहे ते सोनं.

मी आजीला हे सगळं रंगवून सांगितलं. म्हणालो, "आजी, बोरमाळ हे नुसतं नाव. सोनं तेच. म्हणजे नवीन माळ आणि जुनी माळ यात फरकच नाही."

आजी ८३ वर्षांची आहे. तिने ऐकून घेतलं, आणि मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली.

ती बोरमाळसुद्धा आधी बोरमाळ नव्हती. आजीच्या सासूची पाच तोळ्यांची सरी होती. १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यात त्या वर्षी काय झालं ते घरातल्या मोठ्यांना विचारा : विहिरी आटल्या, लोक खडी फोडायला गेले, सुकडीवर दिवस काढले. आमच्या घरी धान्यासाठी आणि बैलांच्या कडब्यासाठी निम्मी सरी विकली. दोन वर्षांनी पाऊसपाणी बरं झालं तेव्हा उरलेल्या सोन्याची ही माळ केली. बोरमाळच का? तर पातळ पत्र्यात कमी सोनं भरल्यासारखं दिसतं म्हणून.

मी खूश झालो. म्हटलं, बघ, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला.

आजी म्हणाली, "तवा सरी मोडली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं रे. आता ही माळ पोरीच्या गळ्यात दिसली तर लोक काय म्हणतील? सापडली म्हणतील. कुठं सापडली म्हणतील?"

मी गप्प झालो. कारण 'कुठं' या प्रश्नाचं उत्तर गावात २४ वर्षांपासून तयार होतं.

माळ हरवली त्या दिवशी

गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. काल्याचा दिवस, घरात चाळीसेक पाहुणे. पुरणाची कणीक मळायला बसताना आजीने माळ काढून देवळीत ठेवली. संध्याकाळी देवळी रिकामी.

आमच्याकडे धुणं-भांडं करायला एक मावशी यायच्या. कुणीतरी मला विचारलं, "देवळीपाशी कोण होतं, बघितलंस का?" मी म्हणालो, "मावशी होत्या."

हे खरं होतं. त्या रोज त्या देवळीतल्या दिव्याची काच पुसायच्या, त्या दिवशीही पुसली. पण मी देवळीपाशी आणखी तिघा-चौघांना पाहिलं होतं. त्यात आमचे जवळचे नातेवाईक होते. त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पोलिसात कुणी गेलं नाही. घरच्यांना त्यात मोठेपणा वाटला. पण पाराजवळ बोलणं झालं, चार लोकांसमोर. मावशींचं आमच्याकडचं काम बंद झालं, मग आणखी दोन घरांतलं. त्या दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाऊ लागल्या. माळ काही सापडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

इतकी वर्षं घरात "माळ हरवली" एवढंच बोललं जायचं. मावशींचा विषय निघत नसे.

खंड १६ : हात बांधलेला माणूस

त्या रात्री झोप येईना म्हणून सहावा अध्याय शेवटपर्यंत वाचला. आधी दोनदा वाचला होता, पण शेवटच्या खंडावरून मी घाईने गेलो होतो. त्यातलं महावाक्य आपल्याला पाठ असतं, त्यामुळे आजूबाजूची गोष्ट नजरेतून सुटते.

उद्दालक ते महावाक्य श्वेतकेतूला एकूण नऊ वेळा सांगतो. दर वेळी वेगळं उदाहरण : मध, नद्या, वडाचं बी, पाण्यातलं मीठ. आणि नवव्या वेळचं, म्हणजे शेवटचं उदाहरण आहे चोरीचा आळ आलेल्या माणसाचं. त्याला हात बांधून आणतात. याने चोरी केली, म्हणतात. त्याच्यासाठी परशू तापवतात. त्याने चोरी केली नसेल तर तो सत्याने झाकलेला असतो, तापलेला परशू धरूनही भाजत नाही, आणि सुटतो.

म्हणजे जो अध्याय सोन्याच्या गोळ्याने सुरू होतो, तो चोरीच्या आळावर येऊन संपतो. मी सोन्यापाशीच थांबलो होतो.

मग पहिला खंड पुन्हा वाचला आणि तो वेगळाच लागला. विकार म्हणजे वाणीने दिलेलं नाव. सोन्याला आपण बोरमाळ म्हणतो, ते नाव. आणि मावशींना आम्ही 'चोर' म्हणालो, तेसुद्धा वाणीने दिलेलं नावच. त्याखाली ती बाई जशी होती तशीच होती. सोन्याच्या बाबतीत नाव खोटं आणि सोनं खरं, हे मला लगेच पटलं. माणसाच्या बाबतीत मी २४ वर्षं नावच खरं धरून बसलो होतो.

जनाबाईचं पदक

आपल्याकडे हीच गोष्ट जनाबाईंची म्हणून सांगतात. जनाबाई गंगाखेडच्या, परभणी जिल्ह्यातल्या. नामदेवरायांच्या घरी दासी. नामदेवांचं जन्मस्थान म्हणून परंपरा सांगते ते नर्सी आमच्या गावापासून जवळच, कयाधूच्या काठावर. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला तिथे परतवारीची गर्दी असते, लहानपणी आम्हीही जायचो. त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे घरातल्यासारखी सांगतात.

विठ्ठल जनीकडे येतो, दळू लागतो, आणि पहाटे घाईत निघताना त्याचं पदक तिथेच राहतं. देवळात पदक नाही म्हणून शोध होतो, ते जनीकडे सापडतं. दासीच्या घरात देवाचं पदक! तिला सुळावर द्यायला नेतात. सुळाचं पाणी होतं आणि जनी सुटते.

मी ही गोष्ट कीर्तनात कितीदा तरी ऐकली आणि दर वेळी माझे डोळे भरून आले. पण जनीवर आळ घेणारे लोक आपणच असू शकतो, हे कधी मनात आलं नाही. ऐकताना आपण नेहमी जनीच्या बाजूला उभे असतो.

मावशींसाठी सुळाचं पाणी झालं नाही. परशूही कुणी तापवला नाही. त्यांच्या बाजूने देव बोललाच नाही म्हणायचं, की तो बोलायचं काम आमच्याकडे होतं आणि आम्ही केलं नाही?

मावशींच्या घरी

आजीला घेऊन गेलो. आईही आली. मावशी आता थकल्यात. त्यांनी बसायला दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, देवळीपाशी मी आणखी कुणाकुणाला पाहिलं होतं तेही.

त्यांनी एवढंच विचारलं, "माळ सापडली का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग म्या घेतली न्हाई हे कशावरून म्हणतोस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा 'घेतली' म्हणायला आम्हाला पुरावा लागला नव्हता. आता 'घेतली नाही' म्हणायला मी मनातल्या मनात पुरावा शोधत होतो.

आजी म्हणाली, "तवा बी कशावरून नव्हतं. म्या चुकले."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "मला घरात येऊन सांगता. तवा पाराजवळ बोलला होतात."

त्यांनी चहा केला. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, आम्हीही म्हणायला लावलं नाही.

मग माळीचं काय ठरलं?

करायची नाही असं ठरलं. मी मॉडेल डिलीट केलं. फोटो ठेवला.

हरवलेला दागिना पुन्हा करणं चुकीचं आहे, असं मी म्हणत नाही. आजीने स्वतः सरीची माळ केली होती, आणि ते योग्यच होतं. दुष्काळाने काय नेलं आणि काय उरलं, ते त्या माळेत उघड दिसत होतं. आमची हुबेहूब माळ मात्र काही हरवलंच नव्हतं असं दाखवायला निघाली होती. ती गळ्यात घातली असती तर गावाने एकच अर्थ काढला असता : शेवटी परत केली वाटतं. मावशींवरचा आळ आम्ही सोन्याने पक्का केला असता.

आईच्या पाटल्यांचा बहिणीला वेगळा दागिना होईल. बहिणीने ठुशी मागितली आहे.

आणि यंदाच्या सप्त्यात, काल्याच्या दिवशी, आजी सगळ्यांसमोर बोलणार आहे. नंतर मी बोलणार आहे. हे अजून व्हायचं आहे, त्यामुळे कसं होईल ते आज लिहिता येत नाही. घरातल्या काहींना हे पटलेलं नाही, जुनी गोष्ट उकरून काय मिळणार म्हणतात. मावशी त्या दिवशी येतीलच असंही नाही. त्या आल्या नाहीत तरी बोलायचं आहे.

आजचा अभ्यास

१. खंड १ आणि खंड १६ एकापाठोपाठ वाचा. मधले खंड उद्यापासून रोज एक घेऊ.

२. आपल्या बोलण्यातून कुणाला एखादं नाव चिकटलंय का, ते आठवा. कॉलेजमधलं, ऑफिसमधलं, घरातलं. आपण सांगितलेलं 'खरं' पूर्ण होतं की अर्धं?

३. घरात एखादी जुनी वस्तू असेल तर मोठ्यांना विचारा की ती आधी काय होती. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. मी बोललो होतो.

उद्या खंड २.

रामकृष्णहरी.