बाळाच्या अंगावरचा लाल डाग

घरात बाळ जन्मले की सारी माणसे त्याला न्याहाळून पाहतात. नाक कोणासारखे, डोळे कोणासारखे, याची चर्चा होते. कधी कधी बाळाच्या गालावर, मानेवर किंवा पाठीवर लाल डाग दिसतो. मग कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते, "गिराण पाळलं नाही. पोटुशी असताना विळी हातात धरली." कोणी म्हणते, "डोहाळे पुरवले नाहीत." सारा दोष आईच्या माथी येतो. बाळ मुलगी असेल, तर लोक आतापासूनच तिच्या लग्नाची काळजी करतात.

हे खरे आहे का? चला, आपण नीट समजून घेऊ.

डाग कशामुळे येतो?

आपल्या कातडीत केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या असतात. शेतातल्या पाटातून पाणी खेळते, तसे त्यांतून रक्त खेळते. एखाद्या जागी या वाहिन्या जास्त रुंद होतात किंवा फार दाट वाढतात. तेथले रक्त कातडीतून दिसते. तोच हा लाल डाग.

आईने काय कापले, काय खाल्ले, याचा डागाशी संबंध नाही. ग्रहणाचाही नाही. तेव्हा आईला बोल लावू नये.

डागाचे तीन प्रकार

पहिला प्रकार फिक्या गुलाबी डागाचा. तो कपाळावर, पापण्यांवर किंवा मानेच्या मागे असतो. बाळ रडले की तो गडद दिसतो. तोंडावरचा डाग बहुधा एकदोन वर्षांत जातो. मानेवरचा राहिला, तरी काही बिघडत नाही. त्याला औषध लागत नाही.

दुसरा प्रकार फुगीर डागाचा. जन्मताना तो दिसत नाही, किंवा अगदी पुसट असतो. दोनतीन आठवड्यांत तो पिकल्या तुतीसारखा लाल होऊन फुगतो. पहिले पाच महिने तो भराभर वाढतो. तेव्हा आईबाप घाबरतात. पण पुढे तो वाढायचा थांबतो आणि हळूहळू ओसरतो. चारपाच वर्षांत बहुतेक डाग बसतात. कधी मागे थोडी सैल कातडी राहते.

तिसरा प्रकार सपाट, गडद डागाचा. तो जन्मापासून असतो. काळा रंग असेल, तर तो जांभळट दिसतो. हा आपोआप जात नाही. मूल वाढते तसा तोही वाढतो. उतारवयात तो जाड होऊ शकतो. हा डाग कशाने होतो, ते २०१३ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत बारीकसा बदल होतो, त्यातून तो उमटतो. आईबापांच्या वागण्यातून तो येत नाही.

डॉक्टरकडे केव्हा न्यावे?

फुगीर डाग डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर किंवा लंगोटाच्या जागी असेल, तर लगेच न्यावे. डोळ्याजवळची गाठ नजर बिघडवू शकते. डाग चिघळला, मोठा असला, किंवा अंगावर पाच वा अधिक डाग असले, तरी न्यावे. बाळाच्या श्वासाला घरघर लागली, तर क्षणभरही थांबू नये.

सपाट डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. अशा बाळाला कधी झटके येतात. ते मेंदूशी निगडित असतात.

"थांबू, बघू," म्हणण्यात वेळ घालवू नका. फुगीर डागाचा उपचार पहिल्या एकदोन महिन्यांत सुरू झाला, तर फायदा जास्त होतो. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना डाग दाखवा. त्या पुढची वाट सांगतील.

उपचार काय?

प्रोप्रॅनोलॉल नावाचे औषध मुळात हृदयाच्या रोगावरचे. त्याने फुगीर डाग ओसरतो, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००८ साली जगापुढे मांडले. पण हे औषध मनाने देऊ नये. त्याने बाळाची साखर उतरू शकते. म्हणून बाळाला पाजूनच औषध द्यावे. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर ते न देता डॉक्टरांना विचारावे.

सपाट डागावर लेसर नावाच्या किरणांचा उपचार करतात. किरणांच्या उष्णतेने आतल्या रुंद वाहिन्या मिटतात. बऱ्याच खेपा घालाव्या लागतात. डाग फिका होतो, पण पुरता जाईलच असे नाही.

हे मात्र करू नका

डागावर बिब्बा, चुना किंवा राख लावू नका. डागण्या देऊ नका. साध्या डागाची त्याने जखम होते, आणि तिचा वण जन्मभर राहतो. डागातून रक्त आले, तर स्वच्छ कापड दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. तरी थांबले नाही, तर दवाखाना गाठा.

हा डाग कोड नव्हे आणि कुष्ठरोगही नव्हे. तो शिवल्याने दुसऱ्याला लागत नाही. मिखाईल गोर्बाचेव्ह १९८५ ते १९९१ सोव्हिएत देशाचे नेते होते. त्यांच्या कपाळावर असाच मोठा डाग होता. त्याने त्यांचे काही अडले नाही. मग आपल्या लेकीचे का अडावे? तिला डागावरून नाव पाडू नका. तिला शाळेत घाला, चारचौघांत मिसळू द्या.

सांगा पाहू!

१. ग्रहणामुळे डाग येतो का?
२. कोणता डाग आपोआप ओसरतो? कोणता राहतो?
३. डाग कोठे असेल, तर लगेच डॉक्टरकडे न्यावे?
४. तुमच्या गावात अशा डागावर काय लावतात? ते बरोबर आहे का?