दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा बीपी

वस्तीत कुणाच्या घरी भांडण झाले, मुलगा दारूला लागला, सून माहेरी निघून गेली, की माणसे आधी डॉक्टरकडे जात नाहीत. ती आशाताईकडे येतात, अंगणवाडीच्या बाईंकडे येतात, नाहीतर विहारात बौद्धाचार्यांना संध्याकाळी गाठतात. या कामाचा पगार कुणाला नाही, आणि त्यांची स्वतःची तब्येत कशी आहे हेही कुणी विचारत नाही. झोप येत नाही, बीपी वाढलाय, घरी चिडचिड होते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्या बायका आम्हाला नेहमी भेटतात. या वेळचे पान त्यांच्यासाठी.

अमेरिकेत मरे बोवेन (१९१३–१९९०) नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९५४ ते १९५९ या काळात बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाबरोबर आधी आईला आणि पुढे काही अख्खी कुटुंबे वॉर्डात राहायला ठेवली. ज्यांनी सरकारी दवाखान्यात रात्रपाळी केली आहे त्यांना हे वाचून हसू येईल. आपल्याकडे एका नातेवाइकाच्या पासवरून वॉचमनशी भांडणे होतात! पण त्यामुळे बोवेन यांना एक गोष्ट दिसली. आईवडील एकमेकांच्या जवळ आले की आजारी मुलाची तब्येत सुधारायची. ते एकमेकांपासून दूर गेले की दोघांचे सगळे लक्ष मुलावर यायचे आणि तो पुन्हा ढासळायचा. म्हणून एकट्या रुग्णाकडे न पाहता घराकडे पाहावे, असे ते सांगू लागले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आईच्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होतो, असे त्या काळी बरेच डॉक्टर मानत. ते आता खोटे ठरले आहे. त्याला गोळ्या लागतात आणि डॉक्टरांना न विचारता त्या बंद करायच्या नाहीत. कुठल्याही आईला दोष देण्यासाठी हा लेख कुणी वापरू नये.

बोवेन यांचे जे आपल्या कामाचे आहे ते म्हणजे त्रिकोण. दोघांत ताण वाढला की ती दोघे तिसऱ्याला ओढतात. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, पोरीकडून निरोप धाडतात, ‘तुझ्या बापाला सांग, भाकरी झाकून ठेवलीय.’ दोघांना तेवढ्यापुरते हलके वाटते. ताण मात्र पोरीच्या पोटात जातो. शाळेच्या वेळेला रोज पोट दुखते आणि तपासणीत काहीच निघत नाही, अशी मुले आम्ही पाहिली आहेत. तपासणी आधी करायचीच, पण ती झाल्यावर घरात कोण कुणाशी बोलत नाही हेही विचारायचे.

आता ताईचे पाहा. सासू येते. ‘ताई, तुमी तिला समजवा, तुमचं ऐकती ती. पर मी सांगितलं म्हनू नका.’ ताई हो म्हणते. दुसऱ्या दिवशी सून येते. ‘ताई, आत्याबाईंना कळू देऊ नका, पण...’ ताईच्या पोटात आता दोन गुपिते. आठवड्याने सासू-सून एका ताटात जेवतात आणि दोघी मिळून म्हणतात, ताईनेच लावालावी केली.

एडविन फ्रीडमन हे ज्यू धर्मगुरू बोवेन यांच्या विचाराने काम करत. १९८५ मध्ये त्यांचे ‘जनरेशन टू जनरेशन’ हे पुस्तक आले. पाद्री, रब्बाय यांच्याकडे लोक घरची दुखणी घेऊन येतात, त्यांच्यासाठी ते लिहिले होते. त्यांचे म्हणणे असे, की ज्या नात्यात आपण नाही ते आपण बाहेरून बदलू शकत नाही. बदलायला गेलो की त्या दोघांचा ताण आपल्या अंगावर येतो. दुसरे म्हणजे, मदत करणारा एकाच वेळी तीन कुटुंबांत असतो. मदतीला आलेले घर, आपली मंडळी, आणि आपले स्वतःचे घर. एकीकडचा ताण दुसरीकडे सांडतो. विहाराच्या समितीत हिशेबावरून वाद झाला की घरी पोराच्या पाठीत धपाटा बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

मग काय, दार लावून घ्यायचे? तसे नाही. ऐकायचे, पण निरोप पोचवायचा नाही. सासूला म्हणावे, ‘मावशी, हे तुम्हीच तिला सांगा. पाहिजे तर मी बाजूला बसते.’ आपण शांत राहिलो तर समोरचेही थोडे खाली येतात. शांत राहणे म्हणजे थंड राहणे नव्हे, हे वॉर्डात काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

दारूच्या घरात आणखी एक गोष्ट दिसते. एक जण जितके जास्त करतो तितके दुसरा कमी करतो. आई दुकानाची उधारी भागवते, बायको मुकादमाला ‘त्यांना ताप आहे’ म्हणून सांगते, आणि वर ताई जाऊन व्यसनमुक्तीचा फॉर्म भरते. त्याला करायला काही उरतच नाही. ताईने ओपीडीचा वार सांगावा, केसपेपर त्याने काढावा. फक्त एक लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते. हातपाय थरथरू लागले, भलतेच दिसू लागले, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

या विचारावर अमेरिकेतल्या स्त्रियांनी टीका केली, ती आम्हाला पटते. घरातल्या सगळ्यांच्या हातात सारखी ताकद आहे असे धरून चालता येत नाही. मारणारा आणि मार खाणारी यांच्यात ‘मी मधली’ म्हणून बसायचे नसते. तिथे उघडपणे तिची बाजू घ्यायची. महिलांसाठी १८१, तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज. कुणी जीव देण्याची भाषा केली तर ते गुपित ठेवायचे नाही. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. आणि घर पाडायची नोटीस आली आहे, बिगारीचे काम बंद आहे, अशा वेळी घरातल्या ताणाचे मूळ घरात शोधू नये.

बोवेन कुटुंबाचा नकाशा काढायला सांगत, तो ताईंनी एकदा स्वतःच्या घराचा काढावा. वहीचे एक पान घ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजी-आजोबा, आईवडील-मावश्या-काका, मग आपण भावंडे, अशा तीन ओळी. कोण कुणाशी बोलत नाही, कोण लवकर गेले, कुणाची दारू, आणि भांडण झाले की मध्ये पडणारी पोर कोण होती, हे बाजूला लिहा. मध्ये पडणारी ती पोर बऱ्याच जणींच्या पानावर स्वतः ताईच निघते.