घरच्या मत्स्यपेटीसाठी माशांची निवड

भेटीस येणारे माजी विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दाराजवळील मत्स्यपेटीसमोर हमखास थांबतात. आता त्यांची स्वतःची घरे झाली आहेत, मुले आहेत, आणि "सर, घरी टाकी आणायची आहे, कोणते मासे एकत्र ठेवावेत?" हा प्रश्न ठरलेला असतो. पालकसभेतही तो येतो. या पाठात त्याचे उत्तर देत आहोत. सुरुवात आमच्याच चुकीपासून करणे उचित होईल.

त्या पेटीत आम्ही प्रथम आठ निऑन टेट्रा आणि दोन एंजल सोडले होते. दुकानात ते एकाच टाकीत सुखाने पोहत होते. एंजल तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते. काही महिन्यांत ते तळहाताएवढे झाले आणि टेट्रांची संख्या घटू लागली. पाचवीतील एका मुलाने वहीत रोजची मोजदाद ठेवली होती : आठ, सात, सात, पाच. "गुरुजी, मोठा मासा वाईट आहे का?" असे त्याने विचारले. एंजल वाईट नव्हता. अॅमेझॉनच्या खोऱ्यात, त्याच्या मूळ प्रदेशात, लहान मासे आणि किडे हेच त्याचे अन्न आहे. तेथे टेट्राला पळण्यास नदी असते. आमच्या पेटीत दोन फूट काच होती. दोष निवड करणाऱ्यांचा, म्हणजे आमचा होता.

तेव्हापासून आम्ही माशाचा आजचा आकार पाहत नाही, पूर्ण वाढीचा विचारतो. मोठ्याच्या तोंडात मावणारा लहान मासा आज ना उद्या तोंडात जातो. बोटाएवढा दिसणारा ऑस्कर 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. काच साफ करतो म्हणून जो सकर हौसेने घेतला जातो, तोही तेवढाच किंवा त्याहून मोठा होतो, आणि पुढे शेवाळापेक्षा आयत्या खाद्यावरच त्याचा डोळा असतो.

आकार जुळला तरी स्वभाव जुळेलच असे नाही. टायगर बार्ब लहानसा मासा. पण गप्पीची किंवा एंजलची लांब झुलती शेपटी दिसली की तो ती कुरतडतो. सहा-आठांच्या थव्यात तो आपसातच गुंततो, तरीही लांब पंखांचे सोबती त्याला देऊ नयेत. फायटरचे दोन नर एकत्र ठेवणे म्हणजे झुंज लावणेच होय. उलट टेट्रा, डॅनियो यांच्यासारखे थव्याने राहणारे मासे एकटे-दुकटे ठेवले तर भेदरून कोपऱ्यात बसतात. ते किमान सहा असावेत.

पाण्याचा विचार मात्र बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात, आणि खरे तर तो सर्वांत आधी करावयास हवा. आपल्याकडील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड, क्षारयुक्त असते. मॉली, प्लॅटी, गप्पी यांना ते मानवते. निऑन टेट्रा हा मुळात मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा. गोल्डफिशला थंड पाणी हवे आणि तो घाणही फार करतो. उबदार पाण्यातील माशांशी त्याची जोडी लावू नये. ज्या गोलाकार भांड्यात तो सर्रास ठेवला जातो, ते तर कोणत्याच माशासाठी योग्य नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे 50 लिटर पाणी मावते. जड पाणी असलेल्या घरी एवढ्या पेटीत सहा झेब्रा डॅनियो आणि चार-पाच प्लॅटी ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. डॅनियो आपल्याच देशातील ओढ्यांमधला, चपळ आणि काटक मासा. वरच्या थरात तो फिरतो, प्लॅटी मधल्या भागात रमतात. प्लॅटी पिल्लांना जन्म देतात, म्हणून केवळ नर घेतल्यास गर्दी होणार नाही.

पेटी आणली त्याच दिवशी मासे आणू नयेत. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. परंतु त्यांचा जम बसण्यास काही आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून पाण्यात चिमूटभर खाद्य टाकत राहावे, मग दोन-तीन मासे सोडावेत आणि उरलेले हप्त्याहप्त्याने. पुढे दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरिन उडून जाण्यासाठी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर जिवाणूही धुऊन जातात.

मासा मोठा झाला, नकोसा झाला, तर त्याला विहिरीत वा नदीत सोडू नये. आपल्या जलाशयांत शिरलेला सकर स्थानिक माशांच्या मुळावर येतो. दुकानदार बहुधा परत घेतो, किंवा मोठी टाकी असलेले कोणी तरी भेटते. आमचे दोन्ही एंजल एका पालकांच्या चार फुटी पेटीत गेले. उरलेले पाच टेट्रा येथेच राहिले, आणि वहीतील आकडा त्यानंतर बरेच दिवस पाचच राहिला.