नागपूरहून बापू कुटीला: एका दिवसाची रीत

आधी माणसं ठरवा. एका गाडीत मावतील तेवढीच, फार तर पाच जण. सेवाग्राम आश्रमातली गांधीजींची बापू कुटी म्हणजे मातीच्या भिंतींचं, बांबू आणि कवेलूंच्या छपराचं ठेंगणं घर आहे. आत एकदम दहा-बारा जण शिरले तर कुणालाच काही नीट दिसत नाही. दिवस हिवाळ्यातला निवडा. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन नागपूरपेक्षा जराही कमी नसतं, आणि या आवारात एका घरातून दुसऱ्या घरात पायीच जायचं असतं.

अंतर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. सकाळी सातच्या आत तर्री पोहे खाऊन निघालात तर गर्दीच्या आधी पोहोचाल. समृद्धी महामार्गानं जाता येतं, पण मी बुटीबोरी-सेलू-पवनार हा जुना रस्ता सुचवेन. दुचाकीवाल्यांना तर तोच घ्यावा लागेल, कारण समृद्धीवर दुचाकी चालत नाही. वर्धा शहरातून सेवाग्राम आठेक किलोमीटर आहे.

गाडीतच सोबत्यांना थोडी पार्श्वभूमी सांगून ठेवा. 1930 साली दांडीला निघताना स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही, असं गांधीजी म्हणाले होते. पुढे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहानं ते वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 रोजी शेगाव नावाच्या लहानशा खेड्यात गेले. विदर्भातच दुसरं, मोठं शेगाव असल्यामुळे पत्रं तिकडे जात. म्हणून 1940 मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं. एवढं माहीत असलं की आत गेल्यावर फलकांपुढे खोळंबावं लागत नाही.

आता क्रम. बहुतेक मंडळी थेट बापू कुटीत जातात, तिथं फोटो काढतात आणि बाकीची घरं भराभर उरकतात. तसं करू नका. पहिल्यांदा आदि निवास पाहा. सुरुवातीला सगळे इथंच राहत: गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, सगळे एका छपराखाली. मग बा कुटीत जा. त्या गर्दीत बांना, म्हणजे कस्तुरबांना, जराही आडोसा नव्हता. जमनालालजींनी ते ओळखून त्यांच्यासाठी ही वेगळी कुटी बांधून दिली. सार्वजनिक आयुष्याचा भार घरातल्या बाईवर किती पडतो, ते आदि निवासातून बा कुटीत येताना कळतं. म्हणून हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर बापू कुटी. ही आधी गांधीजींच्या शिष्या मीराबहेन यांची कुटी होती. गांधीजी तिथं राहायला आल्यावर त्या दुसरीकडे गेल्या. भिंतीवर त्यांनी मातीत उठवलेली झाडं आणि चरखा आजही आहेत. चप्पल बाहेर काढा, मोबाइल बंद करा आणि जमिनीवर बसा. उभ्यानं हे घर समजत नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या हाताला येईल अशा बेतानं ठेवलेली आहे, बसण्याची जागाही आणि लिहिण्याची जागाही. पंधरा मिनिटं तरी कुणी काही बोलू नये, असं आधीच ठरवून घ्या. 1978 साली विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले, तेव्हा तेही या कुटीत बसले होते. माणसाला राहायला खरोखर किती लागतं, यावर त्यांनी तिथं व्याख्यान दिलं.

साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा चुकवू नका. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, हा आश्रमाचा नियम होता. टेलिफोनही पाहा. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो आश्रमात बसवला, असं सांगतात.

महादेव कुटीत मात्र रेंगाळा. महादेवभाई देसाई गांधीजींचे सचिव. ऑगस्ट 1942 मध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई मुंबईला गेले, तिथं त्यांना अटक झाली आणि ते इथं परतलेच नाहीत. महादेवभाई 15 ऑगस्ट 1942 रोजी आणि बा 22 फेब्रुवारी 1944 रोजी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असतानाच गेले. जवळच परचुरे कुटी आहे. गांधीजींच्या येरवड्याच्या तुरुंगातल्या ओळखीचे, संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगानं पीडित होऊन आश्रमात आले. गांधीजी स्वतः त्यांना मालीश करत. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढत, त्या काळातली ही गोष्ट. आखरी निवास शेवटी पाहा. 1946 च्या ऑगस्टात गांधीजी इथून निघाले आणि पुन्हा सेवाग्रामला आले नाहीत.

फोटो काढण्याआधी तिथल्या कार्यकर्त्यांना विचारा. वस्तूंना हात लावू नका. या सगळ्याला तीन तास द्या.

जेवण उरकून वर्ध्यात गोरस पाक घ्या. गाईच्या तुपातली ही बिस्किटं घरच्यांसाठी न्यायला उत्तम. दुपारनंतर मगन संग्रहालय आणि पवनार, दोन्ही उरकायचा हट्ट नको. हातांनी काम करणारे सोबत असतील तर वर्ध्याचं मगन संग्रहालय पाहा. 1938 साली उघडलेल्या या संग्रहालयात चरखे आणि ग्रामोद्योगांची अवजारं आहेत. नाहीतर परतीच्या वाटेवर पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम आहे. शेत खणताना सापडलेली भरत-राम भेटीची मूर्ती तिथंच पाहायला मिळते. पावसाळ्यानंतर नदीच्या खडकांवर शेवाळ असतं, तेव्हा पाण्याजवळ जपून उतरा, आणि अंधार पडायच्या आत बुटीबोरी गाठा.